हिवाळ्यात लावलेला पुदिना

मेक्नेस,
मंगळवार

प्रिय लल्ला यामना,

सलाम. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडलीय, तेव्हा चष्म्याची सबब चालणार नाही. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात, "मशिदीतल्या वर्गात आता मी अख्खं पान वाचते गं, पण वाचू काय? मला मेलं कोणी पत्रच लिहीत नाही. उभ्या जन्मात माझ्या नावाचं एक पाकीट आलेलं नाही." घ्या, आलं. एका दमात वाचायला हवं असं नाही, दमलात तर मध्येच चहा ठेवा. फोनवर का बोलले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. सेफ्रूच्या आपल्या घरात फोन वाजला की तुमची थोरली सून, माझी लाडकी जाऊ बातूल, तो दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून सगळ्यांना ऐकवते, आणि रेशमी धाग्यांची बटणं विणणाऱ्या बायका सुया थांबवून माना पुढे करतात. म्हणून हे पाकीट घरी न पाठवता तुमच्या वर्गाच्या उस्तादबाईंकडे पाठवतेय. एकट्या बसून वाचा. आणि शुक्रवारच्या आत वाचा, कारण शुक्रवारी बातूल तिच्या मसाखनच्या काढ्याचं गाडगं घेऊन इकडे येणार आहे आणि ते मी प्यायचं नाहीये. का प्यायचं नाही ते सांगायला थोडं मागून यावं लागेल.

आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. बाळ चांगलं आहे. काल पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. मागच्या वेळी सगळं जिथं थांबलं होतं, तो आठवडा मागे पडला. त्या आठवड्यात मी कशी जगले ते मलाच माहीत. जिना चढताना श्वास धरायची, शिंक आली तरी पोट दोन्ही हातांनी आवळायची. तुमचा लेक मीमून मला हसायचा आणि मग स्वतःच पाण्याची कळशी, बाजारातून पिठाची पिशवी, सगळं उचलून आणायचा. तेलाच्या घाण्यावरून दमून येतो, अंगाला ऑलिव्हचा वास येत असतो, पण आल्याबरोबर विचारतो, "काय म्हणतोय आमचा आळशी? उठला का नीट?" म्हणजे विचारायचा. आता तसं विचारत नाही, ते पुढे येईलच.

लल्ला, तो दिवस आठवतो का तुम्हाला? माझं लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. आपण दोघी फेस शहरातल्या दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तुम्हाला बाहेर बोलावून घेतलं. मला म्हणालात, "तू जरा तोंड धुऊन ये." मी तोंड धुऊन आले तर तुम्ही अंगातल्या पायघोळ जेलाब्याची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या होतात. परतताना त्या टॅक्सीत सहा जण कोंबले होते, आणि तुम्ही जेलाब्याच्या आतून माझा हात धरला होता तो घर येईपर्यंत सोडला नाही. मी विचारलं, काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, "घरी गेल्यावर."

घरी अंगणात सगळ्या जमल्या होत्या. बातूल होती, शेजारची मन्नाना होती, आणि मीमूनची आत्या रहमाही नेमकी त्याच दिवशी आली होती. तिच्या मांडीवर रेशमाचे धागे होते पण लक्ष माझ्या पोटाकडे. मीमूनला द्यायची म्हणून काढलेली तिची ती भाची तेव्हाही लग्नाची होती. तुम्ही चपला काढल्या, बसलात, पाणी मागितलंत, सगळं पाणी प्यायलात आणि मग म्हणालात, "बाळ निजलंय." एवढंच. मग म्हणालात, "काहीतरी दचकलं असेल, थंडी लागली असेल, निजलंय. उठेल तेव्हा उठेल. ह्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलायचं नाही." आपल्याकडे पोटातलं मूल निजतं हे कुणाला नवीन होतं? प्रत्येक गल्लीत एखादी तरी निजलेल्या बाळाची आई असते, कुणाचं वर्षभर निजतं, कुणाचं सात वर्षं. तुमचं स्वतःचं मधलं अजून निजलंय असं तुम्हीच सांगता. रहमा आत्यानं फक्त ओठ मुडपले आणि धागे गुंडाळले.

मी विश्वास ठेवला. शाळा शिकलेली मी, पण ठेवला. मला ठेवायचाच होता. काही दिवसांनी रक्त गेलं, पोटात कळा आल्या, तेव्हाही तुम्ही माझ्या कपाळाला ओलं फडकं लावत म्हणालात, "वाईट रक्त आहे, जाऊ दे. त्याच्या खाली बाळ निजलंय." त्या दिवशी तुम्ही घरातल्या झाडून सगळ्या बायकांना हम्मामला पिटाळलं होतंत. बातूल कुरकुरली, "आज कुठला आलाय हम्मामचा दिवस?" तिला म्हणालात, "तुझ्या मानेवरचा मळ मला इथून दिसतोय, चालू लाग." घरात आपण दोघीच उरलो. पाणी तुम्ही तापवलंत, कपडे तुम्ही बदललेत. संध्याकाळी मला डोळा लागला आणि जाग आली तेव्हा तुम्ही परसातून आत येत होतात, नखांत माती होती. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणालात, "डाळिंबाखाली पुदिना लावून आले." मी पुन्हा झोपले.

त्यानंतरची पाच वर्षं मी निजलेल्या बाळाची आई होते. हे किती मोठं पद आहे ते त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. शुक्रवारच्या कुसकुसवरचा मांसाचा मोठा तुकडा बातूल माझ्याकडे सरकवायची. "निजलेल्याला भूक लागत नाही का? खा मुकाट्यानं!" वर टोमणा असायचाच, "आईसारखंच आहे कार्टं, सकाळी उठायचा कंटाळा." लग्नांत मला वांझ बायकांसारखं मागे बसवलं नाही. मन्नानाच्या मुलीच्या बारशाला मी पहिल्या रांगेत होते. आणि रहमा आत्या जेव्हा तिच्या भाचीचा विषय काढायला आली, जल्लोषात बदामाच्या वड्या घेऊन आली, तेव्हा तुम्ही त्या वड्यांचं ताट तसंच झाकून तिच्या हातात परत दिलंत. "भरल्या पोटावर सवत आणतात का कुठे? तुला लाज नाही, पण माझ्या नातवाला जाग येईल तुझ्या आवाजानं." मी दाराआड उभी होते. हसू आवरेना म्हणून तोंडात ओढणी कोंबली होती. माझ्या मामेबहिणीला दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून तिच्या सासरच्यांनी गाठोड्यासकट परत पाठवलं. ती माझ्याच वयाची. आज ती भावाच्या घरी भांडी घासते आणि मी इथे बसून तुम्हाला पत्र लिहितेय.

मग इथे मेक्नेसला आलो, आणि ह्या हिवाळ्यात पाळी चुकली. तुम्हाला कळवलं तेव्हा तिकडे बायकांनी जिभा हलवून आनंदानं युयूचा गजर केला तो फोनमधून गल्लीभर ऐकू आला. बाळ उठलं! बातूलनं तिथल्या तिथे हिशेब केला. निजलं तेव्हा दोन महिन्यांचं होतं, म्हणजे दोन महिने पुढेच आहे, म्हणजे जन्माला यायला सातच महिने. बारशाचा मेंढासुद्धा घेऊन बांधलाय म्हणे. बिचारा मेंढा, दोन महिने फुकटचं खाणार आणि अंगणभर लेंड्या टाकणार. कारण लल्ला, बाळ दोन महिने पुढे नाहीये.

पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं, माझं बाळ पाच वर्षं निजलेलं होतं, आता उठलंय. बाई तरुण आहे, तिकडे दक्षिणेत वाळवंटाजवळच्या तफिलालतकडची. हसली नाही. म्हणाली, "माझ्या आजीचंही एक निजलेलं होतं. बघूया." पडद्यावर एक काळी पिशवी दिसली आणि तिच्या भिंतीला चिकटून एक दाणा. मसुरीपेक्षा मोठा नसेल. त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. "हे काळीज," ती म्हणाली. अजून धड आकार नाही, डोकं कुठलं आणि पाय कुठले कळत नाही, पण काळीज आपलं धावतंय, माझ्या काळजाच्या दुप्पट वेगानं. मला रडू आलं. मग मी म्हणाले, हे ठीक आहे, पण थोरलं कुठाय? दोन महिन्यांचं? नीट बघा, भिंतीकडे तोंड करून निजलं असेल. तिनं यंत्र सगळीकडून फिरवलं. घाई केली नाही. शेवटी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "इथे आणखी कुणी नाही, शामा. हे एकटंच आहे आणि अगदी नवं आहे."

मी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. माझं म्हणणं असं, की संध्याकाळी अर्धवट राहिलेलं बटण सकाळी हातात घेतलं तर आपण सोडलेल्या टाक्यापासूनच पुढे विणतो ना? बाळही तसंच उठेल, थांबलं होतं तिथून पुढे वाढेल. पण हे पहिल्या टाक्यापासून सुरू झालं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते भिजवलेल्या हरभऱ्याएवढं झालं होतं, आणि खांद्यांच्या जागी दोन बारीक कोंब होते. बाई म्हणाली, हे हात होणार. त्याला तेव्हा शेपूटही होतं! सगळ्यांनाच असतं म्हणे सुरुवातीला, मग ते आपोआप आत जातं. (बातूलच्या धाकट्याचं गेलं की नाही ते एकदा बघायला हवं.) आणि काल गेले तर ऑलिव्हएवढं, नाही, त्याहून मोठं. कोपर वाकतं. हात आधी वल्ह्यासारखा चपटा होता, आता त्याला बोटं सुटी झालीत. कानांची जागा ठरलीय. आणि लल्ला, ते हललं! अंग झटकून अक्षरशः उडी मारली. मला आत काहीसुद्धा कळलं नाही, अजून दोन महिने तरी कळणार नाही म्हणाली, पण मी डोळ्यांनी पाहिलं. पडद्यावरचा तो बारीक हात बघताना मला एकदम समजलं, की पहिल्याला हे मिळालंच नव्हतं. त्याला बोटं सुटी व्हायच्या आधीच ते गेलं. निजलं नव्हतं. गेलं होतं, आणि तुम्हाला त्या टॅक्सीत बसायच्या आधीपासून माहीत होतं.

खरं सांगते, घरी येऊन मला राग आला. चहाचा पेला भिंतीवर आपटला. पाच वर्षं मी पोटावर हात ठेवून ज्याच्याशी बोलत होते, ज्याला अंगाईगीतं म्हणत होते, ते तिथे नव्हतंच! मीमूनला सांगितलं. मग त्यानं पेल्याच्या काचा वेचल्या, फरशी पुसली, आणि म्हणाला, "आईनं तुला फसवलं नाही, शामा. तिनं तुला वेळ दिला." आणि म्हणाला, "तिला घरात उघडं पाडू नकोस." आज सकाळी मात्र "आळशी उठला का" विचारलं नाही, नुसतं "दोघं बरे आहात ना?" म्हणाला.

आता राग नाही. रात्रभर नीट विचार केला तर रागाला बसायला जागाच उरली नाही. तुम्ही त्या दिवशी अंगणात खरं सांगितलं असतंत तर रहमा आत्यानं महिन्याभरात भाची आणून उभी केली असती. मीमून भला आहे, पण तेव्हा त्याचं वय काय, आणि घरातल्या थोरांपुढे त्याचं चाललं किती असतं? मी गाठोडं घेऊन परत गेले असते, आणि हा ऑलिव्हएवढा जीव जगात आलाच नसता. त्याला जागा तुम्ही धरून ठेवलीत. एका वाक्यानं मला घर दिलंत, नवरा दिलात, पहिल्या रांगेतली जागा दिलीत, आणि रडायला ही आत्ताची वेळ दिलीत, जेव्हा रडून झाल्यावर डोळे पुसायला समोर काहीतरी आहे. माझ्या जन्मदात्या आईनं माझ्यासाठी इतकं केलेलं नाही, तिला जमलंही नसतं. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणू शकणार नाही. तुम्ही "चल, गुळचट कुठली" म्हणून उठून जाल. म्हणून कागदावर लिहितेय, इथून तुम्हाला उठून जाता येणार नाही.

आता बातूलचं गाडगं. ती म्हणते, इतकी वर्षं निजलेलं बाळ एकदा जागं झालं तरी पुन्हा पेंगू शकतं, म्हणून त्याला मसाखनची ऊब द्यायची, लवंग, सुंठ, दालचिनी आणि ती कसली कसली मुळं, कढवून कढवून, सात दिवस. प्रेमानंच करतेय ती, मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईला विचारलं तर तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. म्हणाली, "ह्या दिवसांत अजिबात नाही. आत्ता सगळं घडतंय, वारसुद्धा अजून नीट बसायचीय. त्या मुळांनी पिशवी आकसली तर मी काही करू शकणार नाही." पण बातूलला मी नाही कसं म्हणू? तिला नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि कारण दिलं की ती विचारणार, हे नवं आहे तर मग निजलेलं गेलं कुठे? त्याचं उत्तर अंगणातल्या प्रत्येक बाईपर्यंत जाईल. तुम्हाला लोक खोटं ठरवतील ते मला सहन होणार नाहीच, पण तेवढंच नाही. मन्नानाचं धाकटं निजलंय ते तुमच्याच शब्दावर. तिचा नवरा कसा आहे ते गल्लीला माहीत आहे. माझं निजलेलं खोटं ठरलं तर दुसऱ्या दिवशी तिचंही खोटं ठरेल, आणि तिच्या पोटात तर अजून कुणी आलेलं नाही.

तेव्हा लल्ला, तुम्हीच बोला. शुक्रवारच्या आधी अंगणात बसा, पाणी मागा, सगळं पाणी प्या आणि म्हणा, "बाळ पुरतं जागं झालंय. जाग्या बाळाला ऊब देत नाहीत, भाजेल." तुमच्यापुढे बातूल काही बोलायची नाही, फार तर गाडगं आपटेल. आणि जन्माला दोन महिने उशीर झाला तर म्हणा, इतकं निजलेलं पोर आळस देत देतच बाहेर येणार. बातूलला हे लगेच पटेल, माझ्याबद्दल तिचं तसंही हेच मत आहे. शिवाय तुम्ही अगदीच खोटं बोलणार नाही आहात. बाई म्हणाली, ह्याच आठवड्यांत पापण्या येतात, डोळ्यांवर मिटतात आणि सहा महिने होईपर्यंत उघडत नाहीत. म्हणजे सगळीच पोरं पोटात निजलेली असतात की! फक्त काही उठतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसले ती. मसाखनचं तर मीमूनकडूनही कळवता आलं असतं. लल्ला, आपल्याकडे हिवाळ्यात पुदिना होत नाही. जमीन गोठलेली असते, चहातसुद्धा आपण पुदिन्याऐवजी कडवट शीबाची पानं घालतो. हे मला पाच वर्षं सुचलं नाही, काल बसमध्ये सुचलं. त्या डाळिंबावर तुम्ही कधी कुणाला कपडे वाळत घालू दिले नाहीत, आणि दर शरदात त्याचं पहिलं फळ फडक्यात बांधून मलाच देत आलात, इकडे आल्यावरही पाठवलंत, तेही सुचलं. चार महिने भरल्यावर रूह येते म्हणतात, म्हणून त्याला नाव नव्हतं, जनाज्याची नमाज नव्हती. पण तुम्ही त्याला तसंच टाकून दिलं नाहीत. त्या थंडीत, गोठलेल्या मातीत, एकटीनं, हातांनी. कुणाला सांगितलं नाहीत, पाच वर्षं ते ओझं एकटीनं वागवलंत आणि मला मात्र ते पोटात हलकं करून दिलंत. यंदाचं पहिलं डाळिंब पाठवू नका. बाळ हातात आलं की मी त्याला घेऊन तिकडे येईन, बायका हम्मामला गेलेल्या असतील असा दिवस बघून. तेव्हा मला परसात न्या, आणि त्या हिवाळ्यात पुदिना नेमका कुठे लावला होतात तेवढं दाखवा. मला दोघा भावंडांची भेट घालून द्यायची आहे.

तुमचे हात डोळ्यांना लावते.

तुमचीच,
शामा